बुधवारच्या गच्चीसाठी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा घ्या" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं.

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरलं, तेव्हा पुस्तकांची काळजी नव्हती. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर कितीतरी मराठी पुस्तकं फुकट मिळतात. काळजी होती माणसांची. त्यानं भांडायचं कुणाशी, कट्टी-बट्टी कुणाशी करायची? दर बुधवारी कोथरूडच्या तुमच्या गच्चीवर पाच वर्षांच्या चिमुरड्यांपासून दहावीच्या वयाच्या मुलांपर्यंत सगळे एकत्र जमतात, आणि आमच्या मुलाला तिथे मित्र मिळाले. याचं मोल आईबापच जाणतात.

सासूबाईंना हा निर्णय अजिबात पटला नव्हता. "पोराचं नुकसान करताय," हे रोजचंच. तुम्ही घरी आलात, पण त्यांच्याशी वाद घातला नाहीत. बोलता बोलता त्यांना पावकी, निमकी, पाउणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊणचे पाढे, सगळं पाठ आहे हे कळलं, तशी तुम्ही विचारलंत, "आमच्या मुलांना शिकवाल का?" त्या आल्या, जिने चढून, गुडघे दुखत असताना. मुलं ठेक्यात निमकी म्हणायला लागली. मग एका मुलीनं विचारलं, "आजी, पावकी आणि निमकी मिळवली की पाउणकीच होते ना?" सासूबाई थांबल्या. बोटांवर दोन-तीनदा ताडून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं गं." निर्णय त्यांना आजही पूर्ण पटलाय असं नाही, पण बुधवारी घरात सगळ्यात आधी तयार होऊन त्याच बसलेल्या असतात.

आणि मे महिन्यातला तो शून्य सावलीचा दिवस! 13 तारखेच्या सुमारास पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मुलांनी गच्चीत पाइपचा तुकडा उभा केला आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूनं खूण करत बसली. बारा वाजले तरी सावली होतीच. छोटी मंडळी हिरमुसली. तुम्हाला उत्तर ठाऊक होतं, तरी तुम्ही गप्प राहिलात. शेवटी एका मोठ्या मुलानं नकाशा आणला: आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, पुणं चौऱ्याहत्तरच्या जवळ, म्हणजे साडेआठ अंश पश्चिमेला, आणि सूर्याला एक अंश सरकायला 4 मिनिटं लागतात. लगेच आजींच्या चालीवर कुणीतरी म्हटलं, "साडेआठ चोक चौतीस!" साडेबाराच्या आसपास सावली पाइपच्या बुडाशी गडप झाली, तेव्हा झालेला आरडाओरडा खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार.

कागदपत्रांच्या बाबतीतही तुम्ही आम्हाला धीर दिलात. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकवण्याबद्दल वेगळं काहीच लिहिलेलं नाही, त्यामुळे नातेवाईक विचारत, "मग दहावीचं काय?" राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, 14 वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, पाच विषय घेऊन, मराठी माध्यमातूनसुद्धा, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. हे तुम्ही आम्हाला, मग माझ्या भावाला, मग माझ्या वडिलांना सांगितलंत, तेही प्रत्येकाला पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं. स्वतःच्या लेकीच्या वेळी तुम्हाला हे सांगणारं कुणी नव्हतं. इतरांना तसं एकटं वाटू नये यासाठी तुम्ही किती वर्षं घराचं दार उघडं ठेवलंय, ते मी पाहते आहे.

या महिन्यात दोन नवी कुटुंबं येऊ म्हणताहेत. दोघांचीही मुलं लहान आहेत आणि दोन्ही घरचे आजी-आजोबा नाराज. त्यांच्याशी बोलायला सासूबाई जाणार आहेत, त्यांनीच तसं सांगितलंय. गच्चीवर सतरंज्या कमी पडतील, त्या आम्ही आणतो. आणि यापुढे बुधवारचा खाऊ आमच्याकडे, त्यात तुम्ही काही बोलायचं नाही.

तुमची,
बुधवारच्या मुलांपैकी एकाची आई