एका वाटीचा नाताळ

२१ डिसेंबर

प्रिय चारू,

तुझा निरोप काल रात्री ऐकला. तीन मिनिटांतली दोन तू नुसती कामाच्या पाळ्यांना शिव्या घालण्यात घालवलीस, ते ठीकच आहे, पाळ्या त्याच लायकीच्या आहेत. नाताळच्या आठवड्यात बरोबरच्या सगळ्या घरी जाणार आणि तू एकटी मागे राहणार, हेही कळलं. पण शेवटी जाता जाता म्हणालीस ना, "एकटीसाठी कुठे ओव्हन लावत बसू, ब्रेड खाईन," ते मला झोंबलं. म्हणून फोन न करता लिहायला बसलेय. फोनवर तू मध्येच तोडतेस.

गेल्या वर्षी माझीही हीच गत होती. घरात जिंजरब्रेडचा, म्हणजे सुंठ-मसाल्याच्या नाताळच्या केकचा, वास हवा होता, पण आठ जणांचा केक करून सात जणांचा वाटा आपणच संपवायचा हे काही जमणारं नव्हतं. मग मी शहाणपणा केला. केकच्या कृतीतल्या प्रत्येक आकड्याला आठाने भागलं. दोन अंड्यांना आठाने भागून बघ एकदा! आणि लवंगेची पूड होती पाव चमचा. तिचा आठवा हिस्सा मोजणारा चमचा माझ्याकडे नव्हता, तेव्हा अंदाजाने घातली. माझा अंदाज तुला माहीत आहे. पहिल्या घासाला वाटलं, वा, नाताळ आला. दुसऱ्याला जीभ जड झाली. तिसऱ्याला थेट दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटलं. लवंगेत युजेनॉल नावाचं बधिर करणारं द्रव्य असतं, दातदुखीवर लवंगेचं तेल लावतात ते त्याच्याच जोरावर. अर्धा तास मला चहाचीही चव कळली नाही.

तेव्हा केक सोडला आणि ओट्स धरले. ओट्स मुळातच एकाच्या मापाचं धान्य आहे बघ: ४० ग्रॅम, म्हणजे अर्धा कप, झाली एक न्याहारी. भागाकार करायचाच नाही. तेच ओट्स दूध आणि मसाल्यात भिजवून वाटीत भाजले की वर केकसारखा पापुद्रा धरतो आणि आत मऊ राहतं.

मसाला मात्र एका वाटीपुरता मोजूच नकोस. बरणीभर करून ठेव. चहाच्या चमच्याने ४ चमचे सुंठ, ३ चमचे दालचिनी, १ चमचा जायफळ, लवंग फक्त अर्धा चमचा (अर्धा! खाली रेघ ओढलीय), आणि वाटल्यास चिमूटभर मिरपूड. नीट हलव. एका वाटीला यातला पाऊण चमचा लागतो, म्हणजे अकरा-बारा सकाळी निघाल्या. लवंगेचं माप एकदाच चुकू शकतं, आणि तेही मोठ्या मापात सहसा चुकत नाही.

सुंठेच्या जागी ताजं आलं किसून घालायचा मोह होईल, मला झाला होता. घालू नकोस. आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉल या तिखट द्रव्याचं शोगॉल होतं आणि ते जास्त तिखट असतं. जिंजरब्रेड खाल्ल्यावर घशाशी जी ऊब रेंगाळते ती सुंठेची. ताज्या आल्याचा झटका नाकात येतो आणि निघून जातो.

आता अंडं. ४० ग्रॅम ओट्समध्ये अख्खं अंडं फोडलंस तर मसालेदार ऑम्लेट होतं, करून बघितलंय. मी नुसता पिवळा बलक घालते. तेवढ्याने बांधणी पुरेशी होते आणि चवीलाही भरीवपणा येतो. अंडं नको असेल तर कुस्करलेलं केळं घालतात बरेच जण, पण केळं फार आगाऊ असतं, त्याच्यापुढे सुंठ-दालचिनी कुणाला ऐकूच येत नाही. शिजवून गाळलेलं सफरचंद दोन मोठे चमचे घाल, ते गुमान राहतं.

ओट्स रोल्ड घे, म्हणजे चपटे. ते कारखान्यातच वाफवून लाटलेले असतात, म्हणून अर्ध्या तासाच्या आत शिजतात. स्टील-कट म्हणजे नुसते कापलेले दाणे. एवढ्या वेळात ते दाताखाली कचकचतात. रोल्ड ओट्सचे दोन हिस्से मिक्सरमधून भरड काढायचे आणि एक हिस्सा तसाच ठेवायचा. सगळे दळले तर केक होतो पण चावायला काही उरत नाही, आणि अजिबात न दळता केलं तर भाजलेली लापशी. हा माझा हट्ट आहे, तू हवं तर मोड.

त्यात पाव चमचा बेकिंग पावडर, पाऊण चमचा आपला मसाला, मीठ चिमूटभर. मीठ विसरू नकोस, त्याच्याशिवाय गोडाला धार येत नाही. दुसरीकडे ९० मिली दूध, बलक, दोन चमचे मोलॅसिस आणि एक चमचा साखर. मोलॅसिस म्हणजे साखरेचे दाणे वेगळे केल्यावर मागे उरतो तो काळा, किंचित कडवट पाक. जिंजरब्रेडचा रंग आणि तो खोल, जळकटाच्या अलीकडचा स्वाद त्याचाच. चमच्याला आधी तेलाचं बोट लाव, नाहीतर निम्मा पाक चमच्यालाच राहील आणि तू तो चाटत बसशील.

सगळं एकत्र केलंस की दहा मिनिटं हात लावू नकोस. सुरुवातीला ते इतकं पातळ दिसतं की माणूस घाबरून आणखी ओट्स ओततो. ओट्समधलं बीटा-ग्लुकान हे तंतुद्रव्य पाणी धरून चिकट होतं, त्याला तेवढा वेळ हवा. दहा मिनिटांनी चमचा फिरवलास की मागे रेघ राहील. मग २५० मिलीच्या, ओव्हनला चालणाऱ्या चिनीमातीच्या वाटीला लोणी चोळून मिश्रण ओत. वाटी पाऊणच भर. काठोकाठ भरल्याने माझ्या ओव्हनच्या तळाला गेल्या डिसेंबरचा एक काळा डाग अजून आहे.

१८० अंशांवर २२ ते २५ मिनिटं. रंगावर जाऊ नकोस, मोलॅसिसमुळे ते कच्चं असतानाही तपकिरीच असतं. कडा वाटीपासून किंचित सुटल्या का बघ, आणि मध्यावर बोट टेकव. खड्डा पडून परत वर आला तर झालं. पडलेलाच राहिला तर आणखी तीन मिनिटं.

पंधराव्या मिनिटाच्या आसपास वास येतो. आधी दालचिनी, मग काहीतरी भाजतंय असा गोड करपट वास, आणि सुंठ अगदी शेवटी. गेल्या वर्षी त्या वासासरशी मी उगाचच उठून केस विंचरले. कोणी येणार नव्हतं गं, तरी.

मायक्रोवेव्हमध्येही होतं, दीड मिनिटात. तू विचारणारच म्हणून सांगते. पण त्यात वरचा पापुद्रा भाजला जात नाही आणि तो वास येतच नाही, गरम स्पंज होतो नुसता. पहाटे पाचला निघायचं असेल तेव्हा ठीक.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटं थांब, आतला भाग तेवढ्यात बसतो. वर मी दोन चमचे घट्ट दह्यात पिठीसाखर फेटून घालते. गरम भागावर पडल्यावर ते कडेने हळूहळू विरघळतं आणि मध्ये पांढरा ढीग टिकून राहतो. गरम-थंड, तिखट-आंबट, सगळं एका चमच्यात. बारीक चिरलेलं साखरेतलं आलं असेल तर चार तुकडे टाक.

आणि ओट्स घालून कसला आलाय जिंजरब्रेड, असं म्हणणारे भेटतील. जर्मनीत न्यूरेंबर्गला जिंजरब्रेड भाजणाऱ्यांची स्वतःची वेगळी संघटना १६४३ मध्ये झाली, इतकं ते शहर याबद्दल काटेकोर. आणि तिथलाच सगळ्यात वरच्या दर्जाचा लेबकुखन (तिकडचा जिंजरब्रेड), एलिझन म्हणतात त्याला, त्यात मैदा दहा टक्क्यांच्या वर चालतच नाही. उलट बदाम, हेझलनट, अक्रोड असा सुकामेवा निदान पाव हिस्सा लागतो. तेव्हा मैद्यावाचून अडतं असं कुणी म्हणालं तर त्याला न्यूरेंबर्गचा पत्ता दे.

आदल्या रात्री कोरडं एका डब्यात आणि ओलं फ्रिजमध्ये ठेवलंस तर सकाळी नुसतं मिसळायचं. दोन्ही रात्रीच एकत्र करू नकोस, बेकिंग पावडरचा दम भाजायच्या आधीच संपेल.

मसाल्याची बरणी आजच पार्सलने पाठवतेय, लवंग मी मोजून घातलीय, निर्धास्त राहा. २५ तारखेला सकाळी तुझी पाळी दुपारची आहे ना? मी आठला ओव्हन लावेन. तूही लाव आणि मग फोन कर, तेव्हा मध्येच तोडलंस तरी चालेल.

तुझी,
अंजू

ता. क. तुझ्या कपाटातला बेकिंग पावडरचा डबा मी दोन वर्षांपूर्वी पाहिला होता आणि तेव्हाही तो जुनाच होता. अर्धा चमचा गरम पाण्यात टाक. फसफसला नाही तर फेकून दे आणि नवा आण.