आईच्या वहीसाठी

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही येऊ नये ही आपली इच्छा मी पाळतो आहे. आभार मात्र चारचौघांत मानल्याशिवाय मला राहवत नाही.

पाण्यात भिजलेली आईची वही घेऊन मी, जुने कागद दुरुस्त करणाऱ्या आपल्याकडे, धावत आलो, तेव्हा ती उन्हात वाळवावी की तिच्यावर इस्त्री फिरवावी, एवढाच प्रश्न माझ्या डोक्यात होता. आपण दोन्हींना ठाम नकार दिलात. ओल्या कागदाला साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते आणि घाईने उष्णता दिली तर तो आकसून वेडावाकडा होतो, हे समजावत आपण आधी वही गोठवून ठेवलीत. बुरशी थांबली आणि पुढचा विचार शांतपणे करायला वेळ मिळाला.

पुढे, पाने सुटी करताना, आपण एका पूर्णविरामावर पाण्याचा बारीकसा थेंब टेकवून त्यावर टीपकागद दाबलात. टीपकागदावर निळा ठिपका उमटला, म्हणजे शाई पाण्याने सुटत होती, आणि पाने धुण्याचा बेत आपण तिथेच सोडून दिलात. फाटलेल्या कडा सांधण्यासाठी पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या आपण कात्रीने न कापता हाताने फाडत होतात, म्हणजे सुटलेले तंतू मूळ कागदात मिसळतात आणि जोड जाणवत नाही. गव्हाच्या सत्त्वाची खळही ब्रशावर जेमतेम लागेल एवढीच घेत होतात. उद्या कुणाला हा जोड सोडवावासा वाटला तर किंचित ओलाव्याने तो सुटला पाहिजे, असे आपण म्हणालात. स्वतःच्या कामाबद्दल इतका पुढचा विचार करणारे माणूस मी प्रथमच पाहिले.

फार पूर्वी मीच लावलेली चिकटपट्टी पिवळी पडून तिचा चिकटा कागदात मुरला होता. ती सोडवताना एक अक्षर उचलले जाते आहे असे दिसताच आपला हात थांबला, आणि पट्टीचा तेवढा तुकडा आपण तसाच राहू दिलात.

एका पानावरचा शब्द पार गेला होता. तो अंदाजाने भरून द्या, असा हट्ट मी धरला, तेव्हा आपण म्हणालात, ‘‘अक्षर आईंचे आहे, त्यात माझा अंदाज नको.’’ तिथे आता मूळ पानाच्या रंगाचा कोरा तुकडा आहे. वाचताना मी त्यावर बोट ठेवून क्षणभर थांबतो आणि मग पुढची ओळ वाचतो.

आपला ऋणी,
वहीवाल्या आईचा मुलगा