यक्षगानाची रात्र कशी बघायची

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

जानेवारीत इकडे उडुपीला याल तेव्हा यक्षगान, म्हणजे इथलं रात्रभर चालणारं नृत्यनाट्य, बघायचं ठरलंय, तर थोडी तयारी करून या. कन्नड येत नसलेले बहुतेक पाहुणे दोन तासांत कंटाळून उठतात, आणि खरा खेळ त्यानंतर रंगतो.

हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. नवसाच्या खेळाला तिकीट नसतं. ज्या घरचा नवस असेल ते मेळ्याला, म्हणजे खेळ करणाऱ्या मंडळीला, पैसे देतात, कापणी झालेल्या शेतात रंगमंच उभा राहतो आणि सगळा गाव येऊन बसतो. हल्ली बरेच मेळे मध्यरात्रीच्या आत आटोपतात, म्हणून पूर्ण रात्रीचाच खेळ मी शोधतेय. प्रसंग, म्हणजे खेळाची गोष्ट, पुराणातलाच निवडू. तुळू भाषेतल्या प्रसंगांत इथल्याच दंतकथा असतात, तिथे तुमचा पाय अडेल. ‘देवी महात्मे’ किंवा अभिमन्यूचं युद्ध असलं की गोष्ट तुम्हाला पाठच आहे.

खेळ नऊला असला तरी आपण साडेसातला चौकीत, म्हणजे रंगपटात जायचं. तिथे गणपतीची पूजा असते, तेव्हा चपला बाहेर. मुकुटांना हात लावायचा नाही. नट आपापला चेहरा स्वतःच रंगवतात. दक्षिणेकडच्या बाजात राक्षसाचं सोंग सगळ्यांत बघण्यासारखं: तांदळाचं पीठ आणि चुना कालवून केलेली लगदी बारीक काडीने गालांवर ठिपक्याठिपक्यांनी चढवायची, ओळीवर ओळ, काट्यांसारखी उभी. याला चुट्टी म्हणतात. कित्येक तास जातात. तोंड हललं की सुकत आलेल्या ओळीला तडा जातो, म्हणून बाबा, त्या वेळी त्याची विचारपूस करायला जाऊ नका.

सुरुवातीला शिकाऊ मुलं नाचतात, ते बसून बघायचा हट्ट नको. मग दोघे जण आडवा पडदा धरतात, त्याच्यामागून पात्र आधी पाय, मग मुकुट असं थोडंथोडं दिसतं. मागे बसलेला भागवत पद गातो आणि सगळा खेळही तोच हाकतो. पद संपत आलं की नटाचं पाऊल आणि चेंडा नावाच्या ढोलाचा शेवटचा ठोका एकत्र पडावा लागतो, त्या क्षणी नट आणि भागवत एकमेकांकडे कसे बघतात ते टिपा. चुकलं तर चुकलेलं तुम्हालाही कळेल, इतका चेंडा कडक वाजतो. (म्हणूनच भोंग्यापासून लांब बसायचं.)

पदानंतर नट त्याचा अर्थ बोलतो. हे संवाद लिहिलेले नसतात. दोन तयार नट समोरासमोर आले की वाद अर्धा तास सहज चालतो, आणि पाहुणे नेमके तिथेच कंटाळतात. पदाच्या वेळी पावलं बघा आणि अर्थाच्या वेळी ऐकणाऱ्या नटाचा चेहरा. तेही नको असेल तर चहा तेव्हा घ्या, युद्धाच्या वेळी नको. बाबांना हे नवीन वाटायचं नाही, कोकणात दशावतारही उत्स्फूर्त बोलण्यावरच चालतो. शिवाय १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्याआधी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ तिथे होऊन गेला होता. म्हणजे आपल्या नाटकाचं थोडं देणं इकडचंच.

बाज दोन. मंगळूर-कासरगोडकडे तेंकुतिट्टू: उंच उड्या, हवेत गिरक्या. उडुपी-कुंदापूरकडे आणि त्याच्या वर बडगुतिट्टू: गुडघ्यांवर बसून गरगर फिरणं, आणि कापड गुंडाळून दर वेळी नव्याने बांधलेलं मुंडासं. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा बघताना तेंकुतिट्टू बरा, भाषा न कळूनही भिडतो.

‘देवी महात्मे’ मिळालं तर एक सांभाळा. महिषासुर पडद्यामागून येत नाही, प्रेक्षकांच्या मधल्या वाटेने पेटते पलिते घेऊन येतो, त्यावर राळ टाकली की भडका उठतो. आई, त्या वाटेच्या कडेची खुर्ची धरू नकोस, आणि साडी सुतीच नेस.

पहाटे थंडी वाजते, शाल हवीच. बाबांच्या रात्रीच्या गोळ्या खेळाआधी जेवतानाच होऊ देत. झोप आली तर बारा ते एक गाडीत पडा, मी उठवते. तारीख पक्की झाली की कळवते.

तुमची,
लेक