युद्धनौकेचं पासिंग कोण करतं?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जून २०२५ मध्ये आयएनएस अर्नाळा नौदलात आली तेव्हा आमच्या वसई-विरारकडे प्रत्येकाच्या व्हॉट्सअपवर किल्ल्याचे फोटो फिरत होते, चिमाजीअप्पा, १७३७, पोर्तुगीज, सगळं पुन्हा एकदा वाचून झालं आणि आपल्या किल्ल्याचं नाव युद्धनौकेला मिळालं म्हणून बरंही वाटलं. पेपरांनी पण तेच छापलं. पण सरकारी प्रसिद्धीपत्रकात एक ओळ होती, जी कोणी नीट वाचली असेल असं वाटत नाही. ती अशी की हे जहाज इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगच्या (आयआरएसच्या) क्लासिफिकेशन नियमांप्रमाणे बांधलंय. माझं आयुष्य व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं त्यामुळे माझी नजर किल्ल्याच्या आधी त्या ओळीवर गेली, आणि तिच्याबद्दलच लिहायचंय.

ज्यांचा जहाजांशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. व्यापारी जहाज बांधायला घेतलं की पहिल्या प्लेटपासून क्लासवाला, म्हणजे अशा क्लासिफिकेशन संस्थेचा सर्व्हेअर, मागे असतो. ड्रॉइंग तो पास करणार, पोलादावर त्याचा शिक्का, वेल्डिंगचे एक्सरे तो बघणार, आणि जहाज पाण्यात गेलं तरी सुटका नाही, दरवर्षी सर्व्हे, पाच वर्षांनी मोठा सर्व्हे ज्यात टाक्या उघडून आत माणूस उतरतो आणि प्लेट झिजून किती जाडी उरली ते मोजतो. काही सापडलं की लिहून देतो, अमुक तारखेच्या आत दुरुस्त करा. नाही केलं तर क्लास, म्हणजे त्या संस्थेचं सर्टिफिकेट, गेला, क्लास गेला की इन्शुरन्स गेला, आणि मग बंदरात कोणी दारात उभं करत नाही. रिक्षाचं आरटीओ पासिंग असतं ना तसंच, फक्त इथे एजंटला पैसे देऊन काम होत नाही (म्हणजे सहसा होत नाही, सगळीकडे हरिश्चंद्र बसलेत असं माझं म्हणणं नाही). ही पद्धत इन्शुरन्सवाल्यांनीच सुरू केली, १७६० मध्ये लंडनच्या लॉईड्स कॉफी हाऊसमधल्या मंडळींनी. आपलं आयआरएस १९७५ चं, ऑफिस पवईला.

आता गंमत बघा. टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ मध्ये जो सोलास, म्हणजे समुद्रावरच्या जीवसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, ज्याची आजची आवृत्ती १९७४ ची, ज्यात लाईफबोटीपासून फायर पंपापर्यंत सगळं येतं, त्याच्या पहिल्याच प्रकरणात लिहिलंय की हे नियम युद्धनौकांना लागू नाहीत. म्हणजे जेएनपीटीला येणाऱ्या परदेशी जहाजाची इमर्जन्सी बॅटरी चालते का हे आपला सरकारी सर्व्हेअर तपासू शकतो, चालत नसेल तर जहाज अडकवू शकतो, पण लायन गेटच्या आत, नौदलाच्या डॉकयार्डात उभ्या असलेल्या जहाजाला हे विचारायचा अधिकार नौदलाच्या बाहेर कोणालाच नाही.

याला कारण आहे, ते मला मान्य आहे. युद्धनौकेनं मार खाऊन तरंगत राहायचं असतं, तिचं गणित वेगळं, आणि ते बाहेरच्याला दाखवायचं नसतं. शिवाय पूर्वी व्यापारी क्लासला यातलं काही कळतही नव्हतं. पण ही परिस्थिती पंचवीसएक वर्षांपूर्वी बदलली. लॉईड्स रजिस्टरनं १९९९ च्या सुमारास नौदलासाठी वेगळे नियम काढले, ब्रिटनच्या क्वीन एलिझाबेथसारख्या विमानवाहू नौका त्यांच्या क्लासमध्ये आहेत, नाटोनं सोलासला समांतर असा नेव्हल शिप कोड तयार केला, आणि आपल्या आयआरएसकडेही नौदलाच्या जहाजांसाठी वेगळे नियम आहेत. अर्नाळासारख्या सोळा पाणबुडीविरोधी नौका येतायत, त्यातल्या आठ कोलकात्याच्या यार्डाकडून आयआरएसच्या नियमांनी आणि आठ कोचीच्या यार्डाकडून नॉर्वेच्या डीएनव्हीच्या नियमांनी. एकाच कामाच्या जहाजांना दोन परीक्षक का, ते त्यांनाच माहीत. पण बाहेरचा माणूस आत आला तर गुपितं फुटतात हा मुद्दा तरी आता निकालात निघायला हवा.

माझा मुद्दा पुढचा आहे. बांधताना क्लास लावला म्हणजे काम झालं नाही, खरा प्रश्न नंतरच्या पंचवीस-तीस वर्षांचा असतो. याचं उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियन नौदलाचं वेस्ट्रेलिया, इंजिनवाल्या प्रत्येक माणसाला ते माहीत असायला पाहिजे. हे तेलवाहू जहाज, नौदलाचं असूनही लॉईड्सच्या क्लासमध्ये होतं. इंजिनवरचे डिझेलचे कडक पाईप सारखे गळायचे आणि दुरुस्तीला त्रास द्यायचे, म्हणून कंत्राटदारानं त्यांच्या जागी लवचिक होज बसवले. वरवर बघता शहाणपणाचं काम. पण त्या लाईनमध्ये इंजिनच्या प्रत्येक फेऱ्यात प्रेशरचे झटके बसतात, ते झटके त्या होजला सहन होणार का हे कोणी तपासलंच नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्लासला विचारलंच नाही, सर्व्हेअरकडे कागदच गेला नाही. ५ मे १९९८ ला जहाज पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या तळावरून निघालं आणि काही तासांत एक होज फुटला, डिझेलचा फवारा इंजिनच्या गरम भागावर गेला आणि इंजिनरूम पेटली. चार नौसैनिक गेले. व्यापारी जहाजांच्या नियमात २२० डिग्रीच्या वर तापणारा प्रत्येक भाग झाकायचा आणि हाय प्रेशर इंधनाच्या पाईपला दुहेरी आवरण लावायचं, ते याचसाठी.

यात दोष क्लासचा होता का? नाही. सर्टिफिकेट चालू होतं, पण सर्टिफिकेटच्या मागे जी सवय लागते, की बोल्टसुद्धा वेगळ्या जातीचा लावायचा असेल तर आधी विचारा, ती जहाजावर आणि कंत्राटदाराकडे नव्हती. आणि हे आपल्याला कसं कळतं? तर ऑस्ट्रेलियानं चौकशीचा अहवाल जाहीर केला म्हणून. नॉर्वेची युद्धनौका हेल्गे इंग्स्टाड २०१८ मध्ये टँकरला धडकून बुडाली, तेव्हा पोकळ प्रोपेलर शाफ्टमधून पाणी एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात गेलं, जे कप्पे एकमेकांपासून बंद आहेत असं सगळे धरून चालले होते. हेही जगाला कळलं ते त्यांनी अहवाल छापला म्हणून, आणि आता प्रत्येक नौदल आपापले शाफ्ट तपासू शकतं.

आपल्याकडे? मुंबईतलंच आठवून बघा. जानेवारी २०११, विंध्यगिरी बंदराच्या तोंडाशी मालवाहू जहाजाला धडकली, जहाजावर कुटुंबं होती, ती सुखरूप उतरली पण जहाज पेटलं आणि दुसऱ्या दिवशी डॉकयार्डात बुडालं. ऑगस्ट २०१३, सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट, अठरा जण गेले. फेब्रुवारी २०१४, सिंधुरत्न पाणबुडीत अपघात, दोन अधिकारी गेले आणि नौदलप्रमुख जोशींनी त्याच दिवशी राजीनामा दिला, त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे. डिसेंबर २०१६, बेटवा गोदीतून बाहेर काढताना आडवी झाली, दोन गेले. जानेवारी २०२२, रणवीरवर स्फोट, तीन गेले. जुलै २०२४, ब्रह्मपुत्रा रिफिटमध्ये, म्हणजे मोठ्या दुरुस्तीत असताना पेटली आणि एका अंगावर कलंडली, एक जण गेला. प्रत्येक वेळी बोर्ड ऑफ इन्क्वायरी बसली, आणि अहवाल कुठे गेला ते आपल्याला कळत नाही.

जे थोडंफार कळलं ते कॅगमुळे. २०१७ च्या अहवालात त्यांनी लिहिलं की २००७-०८ ते २०१५-१६ मध्ये नौदलाचे ३८ अपघात झाले आणि ३३ जीव गेले, आणि सुरक्षेसाठी वेगळी अशी यंत्रणाच २०१४ पर्यंत नव्हती, जी नंतर नौदलानं उभी केली तिला सरकारची मंजुरी तोपर्यंत मिळाली नव्हती. सिंधुरत्न बाहेर पडली तेव्हा तिच्या बॅटऱ्यांचं आयुष्य डिसेंबर २०१२ मध्येच संपलेलं होतं हेही त्यांनीच सांगितलं. मला सर्वात जास्त टोचतं ते हे. व्यापारी जहाजावर मुदत संपलेली एक लाईफराफ्ट सापडली तरी कॅप्टनला बंदरातून निघू देत नाहीत. पाणबुडी निघू शकते, कारण निघू नको म्हणणारा आणि निघ म्हणणारा शेवटी एकाच टोपीखाली आहेत, आणि वरून दबाव असतो की बोट समुद्रात पाहिजे. तिथे बसलेली माणसं वाईट असतात असं नाही, मी बरेच नौदलवाले पाहिलेत, आमच्यापेक्षा शिस्तीचे. पण स्वतःच्याच बॉसला नाही म्हणणं कोणालाही अवघड जातं.

रिफिटबद्दल तर वेगळंच लिहायला पाहिजे. जहाज सर्वात धोक्यात असतं ते लढाईत नाही, दुरुस्तीत. दरवाजे उघडे, केबल आरपार टाकलेल्या, वेल्डिंग चालू, फायर लाईन सोडवलेली, अर्धा क्रू जमिनीवर. अमेरिकेची बॉनहोम रिचर्ड जुलै २०२० मध्ये सॅन दिएगोच्या धक्क्याला उभी होती, चार दिवस जळली आणि शेवटी भंगारात काढली, आणि चौकशीत निघालं की जहाजावरची ८७ टक्के फायर स्टेशनं मेंटेनन्सच्या नावाखाली बंदच होती. त्यात आग विझवायला जे पाणी मारतो ते वरच्या डेकवर साचलं की एका बाजूला धावतं आणि जहाजाला कलंडवतं, म्हणून किती पाणी मारायचं, बाहेर कसं काढायचं, याचं गणित आधी करून ठेवावं लागतं. हे गणित मुंबईत एखाद्या बाहेरच्या सर्व्हेअरनं रिफिट सुरू होण्याआधी तपासलेलं असतं का? मला खरंच जाणून घ्यायचंय. डॉकयार्ड काही निर्जन बेटावर नाही, फोर्टला खेटून आहे.

क्लास आणला की सगळं छान होईल असं मात्र समजू नका. क्लासला पैसे जहाजाचा मालकच देतो, हे जुनं दुखणं आहे. क्लासमधली जहाजं पण बुडतात. आणि घाईत आणला तर अमेरिकेच्या एलसीएस या युद्धनौकांसारखं होतं, तिथे नौदलाचे नवे क्लास नियम आणि जहाजाचं डिझाइन एकाच वेळी चालू राहिलं, यार्डानं बांधलेलं परत तोडलं, आणि साधारण २२ कोटी डॉलरचं जहाज दुपटीच्या वर गेलं. तोफा, मिसाईल, सोनार यांना बाहेरच्या माणसानं हात लावूच नये. पण बुडू नये, पेटू नये, पेटलं तर माणसं बाहेर पडावीत, या तीन गोष्टींत कसलं आलंय गुपित? थायलंडची युद्धनौका सुखोथाई डिसेंबर २०२२ मध्ये वादळात बुडाली तेव्हा जादा माणसं घेतली होती आणि लाईफ जॅकेट कमी पडली. जॅकेट मोजायला लष्करी अनुभव लागत नाही.

माझी मागणी छोटी आहे. अर्नाळाला बांधताना जे नियम लावले तेच सर्व्हेच्या रूपानं तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत लागू राहावेत, आणि जुन्या जहाजांनाही निदान या तीन बाबींत नौदलाबाहेरच्या सर्व्हेअरचं सर्टिफिकेट असावं. जहाज मुदत संपल्यावरही बाहेर काढायचंच असेल, युद्ध असेल, तर काढा, पण तो निर्णय सहीनिशी कोणीतरी वरच्यानं घ्यावा आणि कारण लिहावं. मग दरवर्षी संसदेत फक्त आकडे द्या, किती जहाजांची सर्टिफिकेटं चालू, किती मुदतवाढीवर, किती संपलेली. जहाजाचं नाव नको, कुठे आहे ते नको, शत्रूला त्यातून काही मिळत नाही. रिफिटमधली जहाजं वेगळी मोजा. संरक्षण खात्याला हे स्वतःहून जमत नसेल तर कॅगनं दर ऑडिटला हे तीन आकडे मागावेत, त्यांना तेवढा अधिकार आहेच.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनिअर, विरार