घाबरलेल्या माणसाला बँकेने थांबवावे

पोलीस असल्याचे भासवून, व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालून पैसे उकळणारे भामटे जिला ‘डिजिटल अटक’ म्हणतात, तो प्रकार आपल्या कायद्यातच नाही, हे वाचलेली शिकलीसवरलेली माणसेही फसतात आणि आपण त्यांना बावळट ठरवतो. हा अन्याय आहे. जबर भीतीत मेंदूचा सारासार विचार करणारा भाग मागे पडतो. वाचलेले ऐनवेळी आठवतच नाही. म्हणूनच भामटे व्हिडिओ कॉल बंद करू देत नाहीत, घरच्यांशी बोलू देत नाहीत. मुदत ठेव मोडायला आलेल्या आजोबांचा सही करताना हात थरथरतो, खिशात फोन चालूच असतो. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने त्यांना आत बसवून पाणी द्यावे, मुलांना फोन लावावा. मोठी रक्कम अनोळखी खात्यात वळती करण्याआधी बँकांनी काही तासांचा सक्तीचा अवधी ठेवलाच पाहिजे. पैसे गेलेच, तर लाजेपोटी दडवू नका. ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली