मोझेल बोटीतून उरकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जर्मनीवरचा प्रवासलेख वाचला. लेखकाने मोझेल नदीचा अख्खा पट्टा ‘बोटीतून हिरवेगार द्राक्षमळे’ म्हणून दोन ओळींत उरकला आणि वर ‘जर्मन वाइन गोडच’ असा शेराही मारला. मुलगी ट्रीरला राहते, त्यामुळे त्या भागात माझं जाणं-येणं असतं. त्यातून जन्मभर भूगोल शिकवलेला, तेव्हा गप्प बसवत नाही.

मोझेलकाठच्या बेर्नकास्टेल गावाहून उजव्या काठाने त्सेल्टिंगेन गावाकडे चालत निघालं की ग्राखच्या पुढे ‘वेलेनर झोनेनऊर’ हा मळा लागतो. वेलेन गाव पलीकडच्या काठावर आहे. नैऋत्येकडे तोंड केलेला हा उन्हाचा उतार सगळा द्राक्षांचा. 1842 साली योडोकुस प्र्यूम यांनी इथल्या कातळावर सूर्यघड्याळ बसवलं, मळ्यात राबणाऱ्यांना वेळ कळावी म्हणून. ‘झोनेनऊर’ म्हणजे सूर्यघड्याळ, मळ्याचं नाव त्यावरूनच.

माती म्हणावी अशी इथे फार थोडी. पायाखाली पाटीच्या निळसर करड्या दगडाचे चपटे तुकडे. सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वी, डेव्होनियन काळात, समुद्रतळाशी साचलेला गाळ दाबाखाली घट्ट होऊन हा पापुद्र्यांचा दगड झाला. पाय ठेवला की तुकडे खणखणतात आणि सरकतात. ऊन उतरल्यावर एखादा उचलून हातात धरा, तळवा शेकून निघतो. रात्री ही ऊब वेलींना मिळते. इतक्या उत्तरेला, जवळपास 50 अक्षांशावर, रीसलिंगसारखं उशिरा पिकणारं द्राक्ष तयार होतं त्यात या दगडाचा मोठा वाटा आहे. युरोपभरच्या वेली मारणाऱ्या फिलॉक्सेरा किडीलाही अशी जमीन मानवत नाही; म्हणून कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या जुन्या वेली इथे अजून सापडतात.

चढ काही जागी 70 टक्के, म्हणजे 10 मीटर पुढे जाताना 7 मीटर वर. एकेका वेलीला एकेक खांब, आणि दोन फांद्या वाकवून बदामाच्या आकारात बांधलेल्या. अशा जागी खुडणी हातानेच. बोटीतून यातलं काय दिसणार?

आता गोडीबद्दल. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे या जर्मन वाइनच्या पायऱ्या द्राक्ष खुडताना रसात साखर किती होती त्यावरून ठरतात, वाइन किती गोड त्यावरून नव्हे. बाटलीवर ‘ट्रोकन’ लिहिलं असेल तर ती कोरडी, म्हणजे गोड नसलेली. गोडसर काबिनेटमध्ये आंबवण मध्येच थांबवल्याने साखर उरते आणि मद्यार्क बरेचदा 8-9 टक्क्यांवरच राहतो. पण आंबटपणा इतका धारदार, की गोडी जिभेला चिकटत नाही. (मी मुळात चहावाली, अर्ध्या पेल्यावर माझं भागतं.)

लेखात कौतुकाने उल्लेखलेला होखमोझेल पूल 2019 साली सुरू झाला. 160 मीटर उंच, अभियांत्रिकी म्हणून थोरच. पण त्याला जोडणारा महामार्ग या मळ्यांच्या वरच्या रानातून नेला आहे आणि तिथून झिरपणारं पाणी वेलींपर्यंत पोचायचं कमी होईल, अशी भीती अनेक द्राक्षउत्पादकांनी आधीपासून बोलून दाखवली होती. त्याबद्दल एक वाक्य तरी हवं होतं.

वाचकांच्या सोयीसाठी: बेर्नकास्टेलला रेल्वे जात नाही. जुन्या रुळांच्या जागी आता सायकलमार्ग आहे. विटलिख स्थानकावर उतरून बस घ्यावी. पेर्ल ते कोब्लेन्त्स अशा 365 किलोमीटरच्या मोझेलश्टाइग पायवाटेचा एक टप्पा बेर्नकास्टेलहून ग्राखच्या माथ्यावरून त्सेल्टिंगेनकडे जातो. चांगल्या तळाचे बूट घाला, पावसानंतर हा दगड भलताच निसरडा होतो. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी नदीकाठची सपाट वाट धरावी, सूर्यघड्याळ तिथूनही दिसतं. आणि वाइन चाखायला कुणाच्या तळघरात जायचं असेल तर आधी फोन करून वेळ घ्या. खुडणीच्या दिवसांत त्यांना मान वर करायला फुरसत नसते.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका