पर्यटन धोरणात पाण्याचा आणि पैशाचा हिशेब हवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

विकसनशील देशांतील पर्यटनाविषयी आपल्या वृत्तपत्रात येणाऱ्या बातम्यांचा मथळा बहुधा पर्यटकांच्या संख्येचा असतो. यंदा इतके लाख पर्यटक आले, गेल्या वर्षीपेक्षा इतके टक्के जास्त आले, असे त्यात असते आणि त्या त्या देशांची सरकारेही आपले यश याच आकड्याने मोजतात. मी बरीच वर्षे हॉटेल व्यवसायात हिशेबनीस होतो. भरलेल्या खोल्यांचा आकडा रोज सकाळी व्यवस्थापकांच्या टेबलावर जात असे. पण आदल्या दिवशी जमिनीतून किती पाणी उपसले, सांडपाणी कुठे सोडले, भाजी आणि मासे जवळच्या गावातून घेतले की दुरून मागवले, हे कोणी विचारत नसे, कारण सरकारही ते विचारत नव्हते. शाश्वत पर्यटनाचे धोरण म्हणजे सरकारने हे प्रश्न विचारणे आणि तेही हॉटेलाला परवाना देण्याआधी विचारणे, असे माझे मत झाले आहे व तेच मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

फिलिपाइन्समधील बोराकाय बेटाचा अनुभव या दृष्टीने फार बोलका आहे. जेमतेम १० चौरस किलोमीटरच्या, पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यासाठी नावाजलेल्या या बेटावर २०१७ मध्ये सुमारे २० लाख पर्यटक येऊन गेले. संख्येच्या मापाने ते मोठेच यश होते. एप्रिल २०१८ मध्ये मात्र सरकारला संपूर्ण बेट सहा महिन्यांसाठी पर्यटकांना बंद करावे लागले, कारण अनेक हॉटेलांचे आणि घरांचे सांडपाणी पावसाळी पाण्याच्या गटारांत चोरून जोडले गेले होते व ते प्रक्रियेविना थेट समुद्रात जात होते, तर किनाऱ्यापासून मोकळी सोडायच्या पट्ट्यात बांधकामे उभी राहिली होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये बेट पुन्हा उघडले तेव्हा एका वेळी १९,२१५ पर्यटक आणि दिवसाला ६,४०५ नवे पर्यटक अशी मर्यादा घालण्यात आली आणि ज्यांची कागदपत्रे व सांडपाण्याची व्यवस्था नियमानुसार होती त्याच हॉटेलांना परवानगी मिळाली. पर्यटकांकडून पर्यावरण शुल्क या बंदीच्या कितीतरी आधीपासून वसूल केले जात होते, ही गोष्ट मला सर्वांत अधिक खटकते. पैसा येत होता, नियमही कागदावर होते आणि तरीही मैलापाणी समुद्रात जात राहिले. शेवटी बंदीचा फटका बसला तो खोल्या साफ करणाऱ्या बायांना, नावाड्यांना आणि किनाऱ्यावर किरकोळ विक्री करणाऱ्यांना. हॉटेलांना परवाने देताना वहनक्षमतेचा, म्हणजे ते बेट किती माणसांचा भार पेलू शकते याचा, विचार झाला असता, तर त्यांच्यावर सहा महिने रोजगाराविना बसण्याची वेळ आली नसती.

थायलंडमधील माया बे या उपसागरातही असेच घडले. प्रवाळाची हानी झाल्यामुळे २०१८ मध्ये तो बंद करावा लागला आणि २०२२ मध्ये उघडला तेव्हा बोटींना उपसागरात शिरण्यास मनाई करून त्यांच्यासाठी मागच्या बाजूने धक्का करण्यात आला. तो धक्का आधीही बांधता आला असता.

विकसनशील देशांत हे आधी का होत नाही, याची कारणे कोणाच्या वाईट हेतूत शोधण्याची गरज नाही. परवाना देणारी स्थानिक संस्था बहुतेक वेळा परवान्याच्या उत्पन्नावरच चालते. तिच्याकडे भूजलाची पातळी मोजणारा माणूस नसतो, प्रक्रिया केंद्र उभारायला भांडवल नसते आणि वरून गुंतवणूक लवकर आणण्याचा तगादा असतो. मोठ्या गुंतवणूकदाराला मात्र राजधानीतूनच कराची सवलत, आयातशुल्कात माफी आणि जमिनीचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा मिळतो. अशा वेळी केंद्र सरकारने सवलतीच्या आदेशातच अटी घालाव्यात. पाण्याचा स्रोत कोणता आणि त्यावर आधीपासून कोण अवलंबून आहे, सांडपाण्यावर प्रक्रिया कुठे होणार, कचरा कोण उचलणार, याची उत्तरे मिळेपर्यंत सवलत लागू होऊ नये. हॉटेल उभे राहिल्यावर अट घालणे जवळजवळ अशक्य असते, हे मी हिशेबाच्या बाजूने पाहिले आहे : तोवर कर्ज झालेले असते, माणसे कामाला लागलेली असतात आणि प्रत्येक दुरुस्ती तोट्यात जाते.

शुल्काकडे वळतो, कारण अलीकडे बहुतेक देश त्यालाच धोरण समजू लागले आहेत. भूतानने २०२२ मध्ये पर्यटन पुन्हा सुरू करताना परदेशी पाहुण्यांसाठी दर रात्रीचे शाश्वत विकास शुल्क ६५ डॉलरवरून २०० डॉलरवर नेले आणि पुढच्याच वर्षी ते १०० डॉलरवर आणले. गालापागोस बेटांसाठी इक्वेडोरने परदेशी पर्यटकांचे प्रवेशशुल्क २०२४ मध्ये १०० वरून २०० डॉलर केले. रवांडात गोरिला पाहण्याचा परवाना २०१७ पासून १,५०० डॉलरला मिळतो. माझा शुल्काला विरोध नाही. नाजूक जागी ते घ्यायलाच हवे. परंतु ते कोणत्या खात्यात जमा होते, हे सांगितल्याशिवाय त्याची रक्कम सांगण्यात अर्थ नाही. रवांडाने परवान्याची किंमत वाढवली त्याच वेळी उद्यानांच्या महसुलातील भोवतालच्या लोकांचा वाटा ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर नेला, हा त्या निर्णयाचा महत्त्वाचा भाग आहे आणि बातम्यांत तोच गळतो. उलट इंडोनेशियाने कोमोडो उद्यानासाठी २०२२ मध्ये ३७.५ लाख रुपियांचे (रुपिया हे तिथले चलन) शुल्क जाहीर केले तेव्हा तिथल्या पर्यटनावर जगणाऱ्या स्थानिक व्यावसायिकांनी काम बंद ठेवले आणि शेवटी सरकारला ते मागे घ्यावे लागले. ज्यांचे पोट त्या पर्यटनावर आहे त्यांना विश्वासात न घेता ठरवलेले शुल्क कितीही सद्हेतूने लावले तरी टिकत नाही.

पैसा कोणाच्या हाती राहावा याचे मला सर्वांत पटलेले उत्तर नामिबियात सापडते. तिथे १९९६ मध्ये कायदा बदलून सामुदायिक जमिनीवर राहणाऱ्या लोकांना आपले संवर्धनक्षेत्र नोंदवण्याचा हक्क देण्यात आला. हद्द ठरवायची, सदस्यांची यादी आणि घटना तयार करायची, उत्पन्नाची वाटणी कशी होईल ते लिहून द्यायचे, आणि त्या बदल्यात वन्यजीव व पर्यटनातून मिळणाऱ्या उत्पन्नावर त्या समुदायाचा अधिकार मानायचा, अशी ही रचना आहे. १९९८ मध्ये पहिली चार क्षेत्रे नोंदली गेली. आज त्यांची संख्या ८० च्या वर आहे. लॉज चालवू इच्छिणाऱ्या कंपनीला या समुदायाशी करार करावा लागतो, म्हणजे भाडे, नोकऱ्या आणि प्रशिक्षण यांवर बोलणी करताना गावकरी मालकाच्या नात्याने समोर बसतात. करोनाच्या साथीत पर्यटक आले नाहीत तेव्हा या क्षेत्रांतील राखणदारांच्या पगाराचीही पंचाईत झाली, हे खरे आहे. म्हणूनच अशा उत्पन्नातील काही भाग पडत्या काळासाठी राखून ठेवण्याची तरतूद कायद्यातच असावी असे मला वाटते.

नेपाळमधील अन्नपूर्णा संवर्धन प्रकल्प याहून जुना, १९८६ चा आहे. पदयात्रींकडून घेतलेले प्रवेशशुल्क तिथे त्या क्षेत्राच्याच संवर्धनासाठी आणि गावांच्या कामांसाठी वापरले जाते. त्यातून झालेली कामे पाहिली की धोरण स्वयंपाकघरापर्यंत कसे पोहोचते ते कळते. पाहुण्यांच्या अंघोळीच्या पाण्यासाठी आणि जेवणासाठी डोंगर उघडे पडत होते, म्हणून काही भागांत लाकूडफाट्याऐवजी रॉकेल वापरणे बंधनकारक केले गेले, चुलीच्या उष्णतेवर पाणी तापवणारे बंब बसवले गेले, आणि लॉजचालकांच्या समित्यांनी जेवणाचे दर एकत्र ठरवले, जेणेकरून एकमेकांचे दर पाडण्याच्या नादात कोणी पुन्हा रानात कुऱ्हाड घेऊन जाऊ नये. मोठ्या परिषदांच्या ठरावांपेक्षा असा एक बंब अधिक काम करतो, असे मी मनापासून म्हणतो.

पर्यटनाचा पैसा देशाबाहेर झिरपण्याचा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे. पर्यटक विमानाचे तिकीट, मुक्काम, जेवण आणि सहली यांचे सगळे पैसे आपल्या देशातच एका कंपनीला देऊन येतो तेव्हा तो हॉटेलाच्या फाटकाबाहेर फारसा पडत नाही. पश्चिम आफ्रिकेतील गांबियाने १९९९ मध्ये अशा सर्वसमावेशक सहलींवर बंदी घातली होती. टॅक्सीचालक, फळविक्रेते आणि छोटी उपाहारगृहे यांना गिऱ्हाईक मिळावे हा हेतू रास्त होता. पण परदेशी सहल कंपन्यांचा विरोध झाला आणि वर्षभरात बंदी उठवावी लागली. एकटा छोटा देश अट घालतो तेव्हा कंपन्या शेजारच्या किनाऱ्यावर जातात. केनिया, युगांडा आणि रवांडा यांनी २०१४ पासून एकच पर्यटक व्हिसा चालू केला. व्हिसा एकत्र देता येतो, तर हॉटेलांसाठी किमान अटीही शेजारी देशांना मिळून ठरवता येतील.

मालदीवने वेगळा मार्ग घेतला. तिथे दीर्घकाळ पर्यटक प्रामुख्याने निर्मनुष्य बेटांवरील रिसॉर्टमध्येच राहत. २००९ च्या सुमारास वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहे उघडण्याची मुभा मिळाली आणि सामान्य कुटुंबांना यजमान होता आले. परवान्याच्या नियमातील हा एक बदल अनुदानाच्या अनेक योजनांहून मोलाचा ठरला, असे माझे मत आहे. त्याबरोबर त्या लहान बेटांवर कचऱ्याचा भारही वाढला आणि त्याची तयारी तितक्याच तत्परतेने व्हायला हवी होती.

आतिथ्य व्यवसायातील कामगारांविषयी शाश्वततेच्या चर्चेत फार कमी बोलले जाते. हंगाम संपला की घरी पाठवला जाणारा वाढपी किंवा माळी म्हातारपणी काय खाणार, हाही धोरणाचाच प्रश्न आहे. जमैकाने २०१९ मध्ये पर्यटन कामगारांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा केला आणि त्यात कायम नोकरांबरोबर कंत्राटी कामगार व स्वतंत्र व्यवसाय करणारे हस्तकला विक्रेते यांनाही सामावून घेतले. इतर देशांनी हा कायदा जसाच्या तसा समोर ठेवून अभ्यासावा.

२०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने पर्यटनाची शाश्वतता मोजण्याचा आराखडा स्वीकारला आहे. त्यात अर्थव्यवस्थेबरोबर पाणी, ऊर्जा, कचरा आणि रोजगार यांचीही मोजणी आहे, त्यामुळे मोजमापाची पद्धतच नाही ही सबब आता उरलेली नाही. आपणास विनंती आहे की, यापुढे एखाद्या देशाच्या पर्यटकांचा विक्रमी आकडा छापताना आपल्या प्रतिनिधींनी त्या देशाच्या पर्यटन खात्याला आणखी तीन आकडे विचारावेत : दर मुक्कामी रात्रीमागे लागलेले पाणी, प्रक्रिया झालेल्या सांडपाण्याचे प्रमाण आणि जमा शुल्कापैकी स्थानिक संस्थेच्या खात्यात प्रत्यक्ष पोहोचलेली रक्कम. खात्याने उत्तर दिले नाही, तर आकड्याशेजारी तेही छापावे.

कळावे.

आपला नम्र,
एक निवृत्त हिशेबनीस